कृष्णा खोऱ्यातला पाऊस खरंच बदललाय, की मोजमाप बदललंय?

जिन्यावरची_रेघ : सांगलीत आमच्या जिन्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या तीन रेघा आहेत. खालची २००५ची, वडिलांनी ऑइलपेंटने मारलेली. सगळ्यात वरची २०१९ची. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन फुटांवर गेलं होतं. मधली २०२१ची. वर्षाचा एकूण पाऊस वाढला असं मी म्हणत नाही, पडायची तऱ्हा बदललीय. २०१९ला जून अर्धाअधिक कोरडा, पेरण्या खोळंबलेल्या, आणि ऑगस्ट लागताच सगळं एकदम. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी! जत-आटपाडीकडे साधारण वर्षभरात पडतो तेवढा. अतिक्रमणं, खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण हे नंतर बोलू.

वारणाकाठ : नंतर का? सोयीचं नाही म्हणून? निळ्या पूररेषेच्या आत मंगल कार्यालयं उभी राहिली, ओढ्यांच्या पाइपा झाल्या. पाऊस तोच आहे हो, पाण्याला जायला वाट राहिली नाही. हवामान बदल म्हटलं की परवानगी देणारा सुटतो.

आकडेमोड : मला दोघांचंही पटत नाही. पूर्वी पर्जन्यमापक बहुधा तालुक्याच्या गावीच. आता महसूल मंडलागणिक (काही गावांचा गट) स्वयंचलित केंद्र. जाळं दाट केलं की मोठे मासे जास्त सापडणारच. त्यात महसूलची अतिवृष्टी ६५ मिमीला सुरू होते, कारण भरपाई त्यावर ठरते. हवामान खात्याची 'अत्यंत मुसळधार' २०४.५ मिमीपासून पुढे. पेपरवाले दोन्हीची खिचडी करतात. ६५ मिमी म्हणजे महाबळेश्वरला जुलैतला साधा दिवस, जतला पीक आडवं.

जिन्यावरची_रेघ : @आकडेमोड जाळ्याचा मुद्दा मान्य. पण पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७चा अभ्यास १९५० ते २०१५ची दीर्घ नोंद घेऊन केलाय. मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्याचं त्यात आहे. अरबी समुद्रावरून येणारी वाफ हे कारण. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते.

आकडेमोड : तो अभ्यास मध्य भारताच्या पट्ट्याचा आहे. आपलं खोरं घाटमाथ्याच्या कडेला हजारो मिमी आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला दुष्काळी. याची सरासरी काढून काय कळणार? घाटातल्या जुन्या केंद्रांचा कल वेगळा काढा, मग बोलू. तीन पूर म्हणजे कल नव्हे.

निवृत्त_पाटबंधारे : एक राहून जातंय. कोयना धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण धरणांच्या खाली पडलेला पाऊस कुठलं धरण अडवणार? त्या मुक्त पाणलोटातलं पाणी थेट नदीत येतं. धरण निम्मं रिकामं असलं तरी खाली पूर येऊ शकतो. अलमट्टीचं म्हणाल, तर २०१९च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीनेही खापर तिच्यावर फोडलेलं नाही. आमच्याकडे अजून रोज फोडतात, ते वेगळं.

वारणाकाठ : समितीने अतिक्रमणांवरही लिहिलंय. ते पान कुणी उघडत नाही.

जिन्यावरची_रेघ : उघडू की. पण मग हे सांगा : निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. दोन्ही जुन्या नोंदींवर काढलेल्या. पावसाची तऱ्हा बदलली असेल तर लाल रेषा तिथेच राहील का? म्हणजे अतिक्रमण कशाला म्हणायचं, तेही पावसावरच ठरतं.

आकडेमोड : हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. दर दहा वर्षांनी रेषा नव्या नोंदी घेऊन काढाव्यात, यावर माझा वाद नाही.

वारणाकाठ : आधी आहे ती तर पाळा!

जिन्यावरची_रेघ : चुलतभाऊ बांधकाम काढतोय, प्लॉट लाल रेषेच्या जेमतेम बाहेर. जोतं रेषेच्या पातळीपेक्षा तीन फूट वर घे म्हणालो. काय सांगू त्याला?

वारणाकाठ : पाच घ्यायला सांगा. आणि लाइटचं मीटर माडीवर.