उपासनेच्या वादकाला दरमहा मानधन द्यावं की नाही?

कृष्णाकाठ (सांगली)
आपल्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) पेटी किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्याला वर्षातून एकदा, नाताळात, ‘प्रेमाची भेट’ म्हणून पाकीट मिळतं. माझं म्हणणं, दरमहा ठरलेलं मानधन द्या आणि कमिटीच्या अंदाजपत्रकात त्याला वेगळी ओळ ठेवा. रविवारची दीड तासाची उपासना सगळ्यांना दिसते. तिच्यामागे पाळकांकडून शास्त्रपाठ विचारून पाच गीतं निवडणं, प्रत्येकाची पट्टी (सा कुठल्या सुरावर धरायचा ते) ठरवणं, शनिवारी दोन तास तालीम, रविवारी पाऊण तास आधी येऊन माइक-वायरी जोडणं हे सगळं असतं. आठवड्याला सहा-सात तास सहज जातात. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), लग्नं, अंत्यविधी, घरोघरच्या प्रार्थनासभा आणि डिसेंबरातल्या कॅरल फेऱ्या वेगळ्याच.

एवढं फुकट मागितलं की लग्नसराईत पोरगं ऑर्केस्ट्राकडं जातं, तिथं रोख मिळतं. मग चर्चमध्ये लॅपटॉपवर तयार संगीताचा ट्रॅक लागतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. म्हातारी माणसं शेवटचं कडवं संथ घेतात, तोवर ट्रॅक पुढं गेलेला असतो. हळूहळू लोक गायचं सोडून ऐकत उभे राहतात. प्रार्थना लांबली तर वादक सा-प धरून थांबू शकतो, ट्रॅकला ते जमत नाही.

शाहूपुरी (सातारा)
मला हे पटत नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ साली मिशनच्या नोकरीतून मोकळे झाले आणि आपल्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांची भजनं आजही आपण गातो, ती काही दरमहाच्या हिशेबाने टिकलेली नाहीत. बायबलमधला प्रेषित पौलसुद्धा तंबू शिवून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३). आणि व्यवहाराचं बघा. खेड्यातल्या तीस-चाळीस घरांच्या मंडळीत पाळकांचा पगारच ओढूनताणून निघतो. त्यात ही ओळ कुठून घालणार?

कृष्णाकाठ
टिळकांनी नोकरी सोडली हे खरं, पण १९०४ साली पाळकपदाची दीक्षा झाल्यानंतरही ते कितीतरी वर्षं मिशनच्या सेवेत होते. घर चालत होतं म्हणून लेखणीही चालत होती. आणि पौलाचाच दाखला द्यायचा तर जुन्या करारातलं नहेम्या १३:१० पण वाचा. गायकांचे वाटे मिळाले नाहीत, म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले आणि मंदिर ओस पडलं. नहेम्याने दोष गायकांना दिला नाही, अधिकाऱ्यांना जाब विचारला.

शाहूपुरी
लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या त्या वंशाला, जमिनीचं वतन नव्हतं, म्हणून त्यांना वाटा होता. आपला कीबोर्डवाला कुपवाड एमआयडीसीत कामाला असतो. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

कृष्णाकाठ
म्हणूनच तर सांगतोय. शनिवारी रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेला माणूस आठला पेटीवर बसतो. ती पाळी बदलून घ्यायची तर त्याचा खाडा भरतो.

मिरजेची पेटी
मानधन द्यायचं तर कशाचं, हे आधी ठरवा. नुसत्या हजेरीचं नको. वादकाला दोन गोष्टी आल्याच पाहिजेत.

पहिली, पट्टी. सूर पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून सांगतो, पांढरी एक म्हणजे C. शिकलेला गायक वरच्या पांढरी चारपर्यंत जाईल, मंडळी नाही. साध्या गळ्यांना वरची पांढरी दोन ही हद्द धरा. चाल तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत) जात असेल आणि सा काळी एक धरला, तर तो गंधार पांढरी चारवर पडतो. बाया ओरडतात, पुरुष खालच्या सप्तकात उतरतात. सा पांढरी सहावर आणला की तोच गंधार काळी एकवर येतो आणि सगळे गातात. मात्र चाल खाली मंद्र पंचमाच्याही (खालच्या सप्तकातल्या प च्याही) पलीकडे जाते का, तेही बघून घ्या.

दुसरी, पेटी आणि कीबोर्डचं जुळवणं. कीबोर्डची पांढरी सहा ४४० हर्ट्झवर असते, जुनी पेटी ४४४ वरही सापडते. दोन्हींची पांढरी सहा एकदम दाबा, सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतील. लोक म्हणतात, आज गाणं बेसूर झालं, आणि बोल लावतात गायकाला. फोनवरच्या ट्यूनरने पेटीचा आकडा बघा आणि कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये तोच भरा. दोन मिनिटांचं काम आहे. पेटीचे स्वरच एकमेकांत फुटलेले असतील तर मात्र कारागीर लागतो. सूर चढवायला पत्तीचं (आतल्या स्वर देणाऱ्या पितळी पट्टीचं) मोकळं टोक खरवडतात, उतरवायला बुडाकडची बाजू. हे घरी करू नका, पत्ती गेली की गेली. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, तेव्हा पेटी चर्चच्या दमट कोपऱ्यात ठेवू नका.

माई (विश्रामबाग)
तुम्ही सांगितलेलं सगळं शिकवण्यासारखं आहे, आणि माझा मुद्दा तोच आहे. महिना सहा हजार धरले तर वर्षाचे बहात्तर हजार एका माणसावर जातात. तो पुण्याला गेला की मंडळी पुन्हा रिकामी. त्याच पैशात चार मुलं तयार करा. दोघांना पेटी, एकाला तबला, एकाला साउंड. भजनी ठेका आठच मात्रांचा, पण कीबोर्डमधला तयार बीट त्याचं वजन धरत नाही. हाताने वाजवणारा हवाच.

अजून एक. पगार मिळाला की वादकाला दिसावंसं वाटतं आणि आवाज वाढतो. एका कडव्याला सगळी वाद्यं थांबवून बघा. मंडळीचा आवाज एकदम पडला, तर त्याआधी ती गातच नव्हती, वाद्यंच गात होती. दगडी भिंती आणि उंच छत असेल तर ड्रमसेट शब्द गिळून टाकतो, तिथं तबला-डग्गा पुरतो.

डग्गा (कराड)
माई, शिकवणाऱ्याला पैसे लागतीलच ना? मग तोच वादक ठेवा, मानधनाच्या अटीत ‘दोन मुलं वर्षात तयार करणे’ हे लिहा.

या कामावर जगू पाहणाऱ्या पोरांनाही स्पष्ट सांगायला हवं. सांगली-साताऱ्यात एका मंडळीवर घर चालत नाही. शिकवण्या, रेकॉर्डिंग, साउंडची कामं आणि रविवार, असं जोडून चालतं. यूट्यूबवर गाणं टाकणार असाल तर जपून. धार्मिक विधीत गीत गायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण रेकॉर्ड करून चढवलं की त्या सूटीवर विसंबू नका. टिळकांचे शब्द आता मोकळे आहेत, नवी चाल कुणाची असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. कवी, संगीतकार, वादक, कुणाला किती, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर आणा. मंडळीतली मैत्री याच कागदावाचून तुटते.

शाहूपुरी
शिकवण्याचं मानधन असेल तर माझा विरोध निम्मा कमी होतो. पेटीची दुरुस्ती, तबल्याची पुडी (वरचं कातडं), पेट्रोल हेही मंडळीने द्यावं, वादकाच्या खिशातून जाऊ नये. पण रविवारच्या गाण्याचे पैसे नकोत, यावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठ
चालेल, शिकवण्याची ओळ आधी घालू. आमच्याकडे मार्चमध्ये अंदाजपत्रक बसतं. शनिवारची तालीम शिकवण्यात धरायची की रविवारात, तेवढं तुम्ही सांगा.

शाहूपुरी
शिकवण्यात धरा.