‘प्रतिसादी’, ‘अनुकूल’ की आणखी काही?

प्रश्न
इंटरफेसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या किंवा अ‍ॅपच्या वापरकर्त्यासमोर येणाऱ्या रूपाच्या, रचनेविषयीच्या एका मार्गदर्शिकेचा अनुवाद सध्या करत आहे. मोबाइलच्या अरुंद पडद्यापासून मोठ्या मॉनिटरपर्यंत जो इंटरफेस आपली मांडणी स्वतःच बदलून घेतो, त्याला मूळ मजकुरात ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हटले आहे आणि मी ‘प्रतिसादी’ म्हटले होते. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी त्या शब्दाखाली रेघ ओढून समासात लिहिले, ‘म्हणजे बटण दाबताच चटकन हलणारा का?’ अडचण अशी की पुढच्या एका प्रकरणात ‘रिस्पॉन्सिव्ह’ खरोखरच त्या अर्थाने येतो. वापरकर्त्याच्या कृतीनंतर पडद्यावर बदल दिसायला लागणारा वेळ २०० मिलिसेकंदांहून अधिक नसावा, असे गूगलचा एक निकष सांगतो, आणि त्या गुणालाही मूळ मजकुरात तोच शब्द आहे. शिवाय ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ निराळाच. तीन अर्थांना तीन शब्द हवे आहेत.

प्रतिसाद १
‘प्रतिसादी’ बदलू नये. वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये ही संज्ञा रूढ केली ती वास्तुरचनेतून उचलून. आत वावरणाऱ्या माणसांप्रमाणे रूप बदलणाऱ्या वास्तूची कल्पना त्यामागे होती. प्रमाणात मापलेले स्तंभ, जागेत सामावणाऱ्या प्रतिमा आणि पडद्याची रुंदी विचारून लागू होणारे नियम, ही त्याची तीन अंगे. ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’मध्ये बहुधा ठरावीक रुंदींसाठी आधीच बेतलेल्या मांडण्यांपैकी एक निवडली जाते, त्यासाठी ‘अनुकूली’ आहेच. दोन्ही शब्द शुद्ध संस्कृत आहेत, आणखी काय हवे?

प्रतिसाद २
शुद्धतेचा दाखला देण्यापूर्वी शब्द फोडून पाहावा. ‘प्रतिसाद’मधली ‘साद’ ही ‘शब्द’वरून प्राकृत ‘सद्द’मार्गे आलेली, म्हणजे तद्भव. संस्कृतातला ‘साद’ खचण्याचा, थकण्याचा. ‘अवसाद’ त्याच घरातला. तेव्हा काटेकोर संस्कृतात तुमचा इंटरफेस प्रतिसाद न देता मान टाकेल. ‘अनुकूल’ मात्र खरोखर सुंदर आहे. ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून जाते ते अनुकूल, उलट जाते ते प्रतिकूल. पडद्याची कड हा काठ आणि मजकूर हे पाणी, असे पाहिले तर याहून नेमका शब्द मिळणार नाही.

प्रतिसाद ३
व्युत्पत्ती रम्य आहे, परंतु तिने घोटाळा वाढवला. काठाप्रमाणे सलग वाहते ती मार्कॉट यांची मांडणी. आणि आपण ‘अनुकूली’ देऊन बसलो आहोत ते ठरावीक साच्यांच्या पद्धतीला, जी वाहत नाही, एका साच्यातून दुसऱ्यात उडी मारते. मग शब्दांची अदलाबदल करायची का? हे काम करणारा प्रत्येक जण ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतो आणि समोरच्याला ते कळते. तसेच लिहावे.

प्रतिसाद ४
मांडणीपेक्षा क्रियापदांनी मला अधिक छळले आहे. एका अर्जाच्या सूचनांत ‘येथे टिचकी मारा’ असे होते. माझ्या वडिलांनी ते शब्दशः घेतले आणि मोबाइलच्या काचेवर नखाने टिचकी मारत राहिले. पान ढिम्म, कारण ती काच त्वचेचा स्पर्श ओळखते, नखाचा नाही. समोर माउससारखा अचूक दर्शक आहे की बोटासारखा ठोकळ, हे पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेला आता विचारता येते आणि त्याप्रमाणे बटणे मोठी करता येतात. सूचनेचे वाक्य मात्र बहुधा सर्वांना एकच जाते. म्हणून मी सरसकट ‘निवडा’ लिहू लागलो.

प्रतिसाद ५
‘निवडा’ने काम भागत नाही. चौकटीत खूण करणे म्हणजेही निवडणे आणि पान उघडणे म्हणजेही निवडणे, तर वापरकर्त्याने काय समजावे? ‘टिचकी’त निदान आवाज आहे, मूळ ‘क्लिक’ तरी ध्वनीवरूनच आलेला शब्द आहे ना? शब्द चुकला नाही, काच बदलली. आणि माउस नुसता वर नेऊन थांबवणे याला काय म्हणणार? ‘घिरट्या घालणे’ असा अनुवाद मी छापील मजकुरात पाहिलेला आहे.

प्रश्नकर्ता
आभार, मात्र टिचकी माझ्या मार्गदर्शिकेत एकदाही येत नाही. वेगाच्या अर्थाने ‘तत्पर’ लिहिला, त्यावर बाईंनी रेघ ओढलेली नाही. मांडणीच्या अर्थाने तूर्त ‘पडद्यानुसार बदलणारा’ असे लिहितो आहे, परंतु ३२० पिक्सेल रुंदीवर, म्हणजे सुगम्यतेच्या (अपंगांनाही वापरता यावे यासाठीच्या) निकषांत मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा असे सांगितलेल्या रुंदीवर, त्या प्रकरणाचे शीर्षक तीन ओळींत तुटते. ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ अजून रिकामाच आहे.

प्रतिसाद १
निदान ‘पडदा’ हा फारसी शब्द काढून ‘पटलानुसार’ करावे.

प्रतिसाद २
अक्षरे तितकीच राहतील, ओळी तीनच होतील, आणि ‘पटल’ म्हणजे डोळ्यावर येणारा पडदाही. शिवाय जो वापरकर्ता मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरने ऐकतो, त्याच्यासाठी बदलणाऱ्या इंटरफेसला आपण पडदा म्हणावे की पटल?