घरीच रुग्णालय: करारापूर्वी ठरवायच्या गोष्टी

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. रुग्णालयात भरती करण्याऐवजी घरी येऊन उपचार देणाऱ्या सेवेशी सोसायटीने करार करावा, असा प्रस्ताव आला आहे. कृपया आपले मत कळवावे.

बी-विंग, सभासद: सचिव साहेब, प्रस्तावाला माझा मनापासून पाठिंबा आहे. न्यूमोनिया, हृदय कमकुवत झाल्याने लागणारी धाप, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार), त्वचेखालचा जंतुसंसर्ग अशा आजारांतील स्थिर प्रकृतीच्या रुग्णांवर घरी उपचार करण्याचे प्रयोग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स या वैद्यकीय संस्थेत डॉ. ब्रूस लेफ यांनी १९९० च्या दशकातच केले होते. शिरेतून द्यायची औषधे, ऑक्सिजन, ईसीजी, रक्ततपासणी हे सारे खाटेपाशी आणता येते. वॉर्डात गेल्यावर अनेक वृद्धांना वेळकाळाचे भान राहत नाही, रात्री ते घाबरून सलाइन ओढून काढतात. घरी उपचार घेणाऱ्यांत हा भ्रम बराच कमी आढळला आहे आणि मला हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो.

मात्र रात्री दोन वाजता धाप वाढली तर कोण येणार, हे करारात स्पष्ट हवे. अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने नोव्हेंबर २०२० मध्ये अशा सेवेला परवानगी देताना दिवसातून किमान दोनदा प्रत्यक्ष भेट आणि गरज पडल्यास ३० मिनिटांत मदत, अशा अटी घातल्या होत्या. आपणही त्याहून कमी मान्य करू नये. शिवाय ‘घरी’ म्हणताना रात्रभर जागणारी व्यक्ती बहुधा घरातली सून किंवा मुलगी असते; तिच्या संमतीशिवाय हा निर्णय होता कामा नये.

ए-विंग, सभासद: ताई, माझ्या आई एकट्या राहतात. त्यांना ही सेवा घेता येईल का?

बी-विंग, सभासद: दादा, सोबतीला कोणी थांबणार असेल तरच घ्यावी, अन्यथा रुग्णालयच योग्य. तसेच छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे अशा वेळी या सेवेची वाट मुळीच पाहू नये. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन आवश्यक असतो. तो घरी होत नाही.

सचिव: रात्रीची मदत, सोबतीची व्यक्ती आणि थेट रुग्णालयात न्यायची लक्षणे, हे तिन्ही मुद्दे मसुद्यात घालून सभेपूर्वी येथे पाठवतो.