मदत हवी आहे: ताप गेला, पण जेवण जात नाही

आठवडाभर तापाने पडून होते. ताप उतरून ३ दिवस झाले, डॉक्टरांनी 'सगळं खा' म्हणून सांगितलंय, पण तोंडाला चवच नाही. नाक अजून चोंदलेलं आहे, आणि वासच येत नसेल तर चव तरी कुठून लागणार म्हणा!

मऊ भात आणि भाज्यांचं सूप यावर दिवस काढतेय. पोट भरतं, पण तासाभरात पुन्हा गळून गेल्यासारखं होतं. बहुतेक प्रथिनं कमी पडत असावीत. उकडलेलं अंडं खाऊन बघितलं, अर्ध्यावरच सोडलं. तेच सुपात फेटून घातलं तर गेलं, म्हणजे पातळ आणि गरम असेल तर चालतंय. एका वेळी भरपूर खाण्यापेक्षा दर २-३ तासांनी थोडं थोडं खाल्लेलंही सोसतं.

अडचण अशी की मी एकटीच राहते. ओट्याशी १० मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. तर एकाच भांड्यात होणारं, फार चिरणं-परतणं नसलेलं, तिखट-तेलकट नसूनही चव लागेल असं काही सुचवाल का? लिंबू पिळून थोडा फरक पडतो, एवढं कळलंय. दूध मात्र सध्या नको, कफ नसला तरी घशाला चिकट वाटतं. आणि एकदा करून फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काय काय चांगलं लागतं?