नवले पुलाचा उतार: वेगमर्यादेची पाटी पुरेशी आहे का?

सिंहगडरोडकर (चर्चाप्रस्ताव)

साताऱ्याकडून पुण्यात येणारे वाहन कात्रजचा नवा बोगदा ओलांडून बाहेर पडले की नवले पुलापर्यंत त्याला सलग उतार लागतो. रस्ता रुंद आहे, वळणे सौम्य आहेत आणि वाहन आपोआप वेग धरते. हा उतार जिथे संपत येतो तिथेच नऱ्हे, आंबेगाव, वडगाव आणि धायरीची स्थानिक वाहतूक महामार्गात मिसळते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी याच ठिकाणी एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना ठोकरले आणि तब्बल ४८ वाहनांचे नुकसान झाले. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा एका कंटेनरने पुढील वाहनांना धडक दिली, आग लागली, दोन अवजड वाहनांच्या मध्ये एक मोटार सापडली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर वेगमर्यादा ताशी ६० वरून ४० किलोमीटरवर आणण्याचा निर्णय झाला.

माझे म्हणणे असे की प्रशासनाला ही पाटी सुचली, कारण सर्व उपायांत तीच सर्वांत स्वस्त आहे. रस्त्याची रचना चालकाला ऐंशीचा वेग देते आणि पाटी चाळीस सांगते, तेव्हा बहुतेक चालक रस्त्याचे ऐकतात. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि २०२३ मध्ये हा आकडा १.७२ लाखांपर्यंत गेला. राष्ट्रीय महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के असूनही २०२२ च्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू त्यांच्यावर झाले. त्याच वर्षीच्या सरकारी अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदवलेले आहे. या नोंदीकडे मी काहीशा संशयाने पाहतो. अपघातानंतर पोलिसांना आरोपी म्हणून कोणाचे तरी नाव लिहावे लागते, आणि रस्त्याच्या आराखड्याचे नाव त्या रकान्यात लिहिता येत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. कोट्यवधींच्या कामापुढे ही रक्कम किरकोळ आहे, पण तेवढ्याही कलमाची चर्चा अशा दुर्घटनेनंतर होत नाही. चालकावर गुन्हा नोंदवला जातो आणि उतार होता तसा राहतो. सदस्यांची मते वाचायला आवडतील.

खाकीतला

महामार्ग पोलिसांत बरीच वर्षे काढून निवृत्त झालो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. रस्त्याला दोष देण्याची ही पद्धत सुशिक्षित वर्गात फार लोकप्रिय आहे, कारण त्यातून स्वतःच्या वागण्याचा हिशोब द्यावा लागत नाही. २०२२ च्या त्या अपघातात वाहन उतारावर इंजिन बंद करून सोडले होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. कोणत्या आराखड्याने त्या चालकाला किल्ली फिरवायला सांगितले होते?

आपण आकडे दिलेच आहेत तर आणखी एक देतो. २०२२ साली हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा आणि सहप्रवाशांचा मृत्यू झाला. यात उतार, पूल किंवा अभियंता यांचा संबंध नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की मोर्चे निघतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला, तेव्हा मागच्या आसनावरील दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे वाचले.

रस्ता नव्याने बांधायला दहा वर्षे लागतील. कॅमेरा आणि दंड उद्यापासून लावता येतो. दहा वर्षे लोकांनी मरत राहावे, अशी आपली सूचना आहे काय?

सिंहगडरोडकर

आपण सूर्या नदीच्या पुलाचे उदाहरण दिले ते बरे झाले. त्या पुलापाशी तीन मार्गिकांचा रस्ता दोन मार्गिकांचा होतो आणि पुलाचा कठडा वाहनाच्या वाटेत पुढे आलेला होता, हेही त्या वेळी बाहेर आले होते. पट्टा लावला असता तर कदाचित जीव वाचला असता, हे मला मान्य आहे, पण कठडा वाटेत नसता तर तशी टक्करही झाली नसती. पोलिसांच्या कागदावर यातील पहिलेच वाक्य उतरते आणि माझा आक्षेप तेवढाच आहे. दंड नको असे मी कुठेही म्हटलेले नाही.

मालवाहतूकदार

सात गाड्यांचा मालक आहे आणि त्यातल्या तीन बंगळूर-मुंबई मार्गावर असतात. इथे ट्रकचालकाविषयी बोलले जात आहे, पण ट्रकच्या बाजूने कोणी आलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

चालक उतारावर गाडी न्यूट्रल का करतो, म्हणजे गिअर काढून का सोडतो? भाडे ट्रिपवर ठरते, डिझेल मोजून दिले जाते आणि वाचलेले डिझेल अनेक ठिकाणी चालकाच्या खिशात जाते. ही व्यवस्था मालकांनी लावली आहे, त्यात मीही आलो. पण मालकाला भाडे कमी देणारा, माल वेळेत पोहोचला नाही तर पैसे कापणारा आणि गाडीत दोन टन जास्त भरून देणारा जो माल पाठवणारा आहे, त्याचे नाव गुन्ह्यात कधीच येत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा होती. तो कायदा ज्याच्या बाबतीत पाळला गेला असा एकही लांब पल्ल्याचा चालक मला ठाऊक नाही. बंगळूरहून निघालेला माणूस कात्रजला पोहोचतो तेव्हा किती तास जागा असतो, याचा विचार कोणी केला आहे काय?

२०२३ च्या नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला आणि ते उपकलम लागू होण्याचे थांबले. वृत्तपत्रांत आम्हांला बेजबाबदार ठरवले गेले. पण जमावाच्या हातून मार खाण्यापेक्षा पळणे बरे, असा अनुभव असलेल्या माणसाला तुम्ही कायद्याचे पुस्तक दाखवून थांबवू शकत नाही.

ताशी ४० बद्दल एवढेच सांगतो की माझा भरलेला ट्रक चाळीसने उतरत असताना मोटारी डावीकडून आणि उजवीकडून ऐंशीने घुसतात. धोका या तफावतीत अधिक आहे.

स्थापत्यवाला

मालवाहतूकदारांनी वेगातील तफावतीचा मुद्दा अचूक मांडला आहे. न्यूट्रलच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो जीवघेणा आहे.

आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे उतारावर न्यूट्रल केल्याने बचत होत नाही. इंजिन पूर्ण बंद केले तर हवेचा दाब तयार करणारा कंप्रेसर थांबतो, ब्रेक वारंवार दाबल्याने टाकीतील हवा संपत जाते आणि स्टीअरिंगही जड होते. गिअर काढल्यामुळे इंजिनाची अटकाव करणारी ताकद गेलेली असते, त्यामुळे सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. ड्रम आणि लायनर तापले की पकड कमी होते. ज्याला आपण ‘ब्रेक फेल’ म्हणतो ते अनेकदा असे तापून निकामी झालेले ब्रेक असतात, आणि गाडी थंड झाल्यावर तपासली तर ते ठीकही दिसू शकतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाची गतिज ऊर्जा ४० च्या वेगाच्या सव्वादोन पट असते, म्हणून वरून उतरायला सुरुवात करतानाचा वेग महत्त्वाचा आहे. खाली पुलाजवळ कॅमेरा लावून काही मिळणार नाही, कारण तोपर्यंत ब्रेक गेलेले असतात.

यातूनच उपाय सुचतो. बोगद्याच्या तोंडाशी आणि पुलाच्या अलीकडे असे दोन कॅमेरे लावून मधल्या अंतराचा सरासरी वेग मोजावा. एका जागी मोजणाऱ्या कॅमेऱ्यापुढे चालक ब्रेक दाबतो आणि पुढे पुन्हा वेग घेतो, ज्यामुळे मागून येणारेही गोंधळतात. सरासरी मोजली तर ही पळवाट उरत नाही. दुसरे म्हणजे निसटलेल्या ट्रकसाठी बाजूला सैल खडीने भरलेला चढाचा फाटा हवा. चाके खडीत रुतून वाहन थांबते आणि चालकही बहुधा वाचतो. घाटरस्त्यांवर जगभर ही सोय असते.

वेग कमी केला तर वाहतूक खोळंबेल, अशी भीती असते, तिच्याबद्दलही लिहितो. रस्त्यावरून तासाभरात जास्तीत जास्त वाहने जातात ती कमाल वेगाला नव्हे, तर सर्व वाहने मध्यम आणि जवळजवळ समान वेगाने चालली असता. वेग वाढला की दोन वाहनांमधील सुरक्षित अंतरही वाढवावे लागते. तेव्हा सुरक्षितता आणि सुरळीत वाहतूक यांपैकी एकच निवडावे लागेल, ही समजूत इथे तरी लागू पडत नाही.

नऱ्हेकर

ट्रक आणि ब्रेक यांवर एवढे लिहिले गेले, पण आम्ही रहिवासी या चर्चेत कुठेच नाही. मी रोज दुचाकीवरून जाते. सेवा रस्ता काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी तुटतो आणि काही ठिकाणी टपऱ्या, उभ्या रिक्षा व पाणी यांनी भरलेला असतो. तो तुटला की आम्हांला महामार्गावर यावे लागते आणि तेवढ्याच अंतरात आमच्या मागे भरलेला कंटेनर असतो. इथे राहणाऱ्यांवर ‘उलट दिशेने गाडी चालवतात’ असा आरोप नेहमी होतो. तो खराही आहे, परंतु योग्य दिशेने जायचे तर वळसा किती पडतो, हे आरोप करणाऱ्यांनी एकदा गाडी चालवून पाहावे.

खाकीतला

ताई, वळसा मोठा आहे म्हणून उलट दिशेने येण्याचा अधिकार मिळत नाही. समोरून येणाऱ्या वाहनाच्या चालकाला आपली अडचण माहीत नसते.

नऱ्हेकर

अधिकार मी मागितलेला नाही. सलग सेवा रस्ता मागितला आहे. तो दिल्यानंतर जो उलट दिशेने येईल त्याच्याकडून खुशाल दंड वसूल करावा, माझाही त्याला पाठिंबा राहील. रस्ता न देता फक्त दंड घेणे मला पटत नाही.

दूरचा प्रवासी

एवढ्या चर्चेची गरजच नाही. पुण्याचा वर्तुळाकार मार्ग पूर्ण झाला की मुंबईकडे जाणारी अवजड वाहतूक शहराबाहेरून जाईल आणि नवले पुलाचा प्रश्न आपोआप सुटेल. तोपर्यंत दिवसा अवजड वाहनांना बंदी घालावी.

स्थापत्यवाला

कात्रज-देहूरोड बाह्यवळण बांधले तेव्हा तेही शहराबाहेरूनच होते. शहर त्याच्याकडे सरकले आणि आज ते शहरातील रस्ता झाले आहे. वर्तुळाकार मार्ग हवाच, पण त्याच्या कडेने उद्या कशाला बांधकाम परवानग्या मिळणार हे आज ठरले नाही, तर वीस वर्षांनी हीच चर्चा दुसऱ्या पुलाविषयी होईल. शिवाय उतार जागेवरच राहणार आहे आणि पुण्यातच माल उतरवायला येणारे ट्रक त्यावरूनच येणार आहेत.

दिवसा बंदी घातली तर तीच वाहने रात्री एकदम सुटतात, रस्ता रिकामा असल्याने वेग वाढतो आणि चालकाची झोप हा नवा धोका त्यात मिसळतो.

सिंहगडरोडकर

‘खाकीतला’ यांनी दहा वर्षांचा जो हिशोब मांडला, त्याला आपल्याच राज्यातून उत्तर मिळते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली दीडशेच्या आसपास मृत्यू झाले होते. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागेवर जाऊन कारणे शोधली, उघडे कठडे झाकले, दुभाजकांतील धोकादायक वस्तू हटवल्या आणि सोबत पोलिसी कारवाईही केली. २०१९ पर्यंत मृत्यू शंभरच्या आत आले. रस्ता नव्याने बांधावा लागला नाही. नवले पुलापाशी असा अभ्यास करून त्याचा अहवाल सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध करावा आणि त्यातील प्रत्येक सूचनेपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद व मुदत लिहावी, एवढीच माझी मागणी आहे.

खाकीतला

त्या कामात पोलीस होते, हे आपण स्वतःच लिहिले आहे. कारवाई वगळून नुसते कठडे झाकले असते तर आकडा एवढा खाली आला असता, असे मला वाटत नाही. तरीही बोगद्याच्या आधी अवजड वाहनांसाठी सक्तीचा थांबा करावा, तिथे ब्रेक थंड व्हावेत, वजन तपासले जावे आणि गाडी खालच्या गिअरमध्ये टाकूनच पुढे सोडावी, अशी माझी सूचना आहे. यात नवे बांधकाम थोडे आहे आणि कायद्याचा वचकही राहतो.

मालवाहतूकदार

थांबा मान्य आहे, पण माझ्या अटी आहेत. एका वेळी निदान पन्नास गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, पाणी आणि स्वच्छतागृह हवे, नाहीतर रांग बोगद्याच्या पलीकडे जाईल आणि तिथेच नवा अपघात होईल. दुसरे, तिथे पावतीशिवाय एक रुपयाही घेतला जाऊ नये. प्रत्येक नव्या नाक्यावर काय होते हे चालकांना विचारा.

खाकीतला

दुसरी अट कशावरून आली ते मी समजू शकतो. वजनकाटा आणि कॅमेरा माणसाविना चालू शकतात, तेव्हा देण्याघेण्याला जागा उरणार नाही. पण मग थांब्यावर न थांबता जो सरळ उतारावर निघेल, त्याला खाली पोहोचण्याआधी अडवणार कोण, हे मालवाहतूकदार संघटनांनी सांगावे.