नवी गाडी: घासाघीस एक्स-शोरूमवर नको, कोटेशनच्या खालच्या ओळींवर करा

गोरेगावकर
गेले तीन शनिवार मी आणि बायको पाच शोरूम फिरलो. अंधेरी लिंक रोडची दोन, मालाडचं एक, ठाण्यात घोडबंदरला एक, वाशीत एक. गाडी तीच, व्हेरिएंट तेच, रंगही तोच. पेट्रोल, बाराशे सीसीच्या आतली. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स, नोंदणी, विमा सोडून गाडीची किंमत, सगळीकडे ९,४०,००० रुपये. पूर्वी मुंबईत जकातीमुळे फरक पडायचा, १ जुलै २०१७ला तीही गेली. रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे १,०३,४००. त्यातही कोणी एक रुपया इकडेतिकडे करू शकत नाही.

तरीही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग ऑन-रोडमध्ये, म्हणजे सगळं धरून द्यायच्या रकमेत, ३१,००० चा फरक! घरी येऊन पाचही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. विमा एकीकडे ३३,४०० तर दुसरीकडे ५२,१००. हँडलिंग चार्जेस एकीकडे शून्य, दुसरीकडे ६,५००. ‘एसेन्शियल किट’ ५,८००, त्यात काय तर मॅट, मडफ्लॅप आणि गणपतीची मूर्ती.

आपल्याकडे लोक ‘कॅश डिस्काउंट किती देता’ एवढंच विचारतात. दहा हजार सुटले की खूश होऊन सही करतात आणि खालून पंचवीस हजार जातात. डिस्काउंट मागूच नका. प्रत्येक ओळीची पावती कोणाच्या नावाने निघणार, ते विचारा.

सहा वर्षं सेल्समध्ये
मी आता दुसऱ्या धंद्यात आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. तुमचं गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. गाडीवर डीलरचं मार्जिन फार थोडं असतं. लिंक रोडचं भाडं, वर्कशॉप, यार्ड, पन्नास माणसांचे पगार, हे सगळं विमा, कर्ज आणि अॅक्सेसरीजच्या कमिशनवर चालतं. त्या ओळी कापल्या की शोरूम चालवायचं कशावर?

आणि कॅश डिस्काउंट डीलर मनाने देत नाही. कंपनी स्कीम पाठवते, त्याच्या बाहेर गेलं तर पूर्वी दंड बसायचा. गिऱ्हाईक बनून आलेली काही माणसं कंपनीनेच तपासायला पाठवलेली असायची. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी मारुतीला २०० कोटींचा दंड ठोठावला होता, कंपनी त्यावर अपिलात गेली. त्यामुळे ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणणारा पोरगा प्रत्येक वेळी नाटकच करत असतो असं समजू नका. त्याच्या हातात खरंच काही नसतं.

हिशेबनीस
डीलरचं भाडं सुटतं की नाही, हे बघणं गिऱ्हाइकाचं काम नाही. विमा कुठून घ्यायचा ते ठरवणं मात्र त्याचा हक्क आहे. विमा नियामकाचे २०१७चे डीलरसाठीचे नियम आहेत, त्यात सक्ती करता येत नाही असं स्पष्ट आहे.

आता ५२,१०० ची ओळ फोडून बघा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) एकदम घ्यावा लागतो, सप्टेंबर २०१८ पासून. तो दर सरकारी आहे. २०२२च्या दरपत्रकात हजार ते दीड हजार सीसीला १०,६४०, वर जीएसटी. कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तेवढाच. म्हणजे १८,७०० चा फरक आला तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्यावरच्या जादा अॅड-ऑनमध्ये. तिथेच सूट मिळते आणि तिथेच ती दाबली जाते.

आरटीओचंही तेच. कारची नोंदणी फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. नंबर प्लेट एप्रिल २०१९ पासून कंपनीच देते. मग ६,५०० ‘हँडलिंग’ कशाचे? सरकारी पावती मागा, ती कोणाकडेच नसते.

सहा वर्षं सेल्समध्ये
हँडलिंगचं मान्य. ते आम्हालाही मागायला लाज वाटायची. विम्याचं मात्र थांबा. शोरूमचा विमा असला की अपघातानंतर आमचा माणूस विमा कंपनीच्या सर्व्हेयरच्या मागे लागतो, गाडी लवकर सुटते.

हिशेबनीस
कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट भरणं, हे वर्कशॉप त्या विमा कंपनीच्या यादीत आहे की नाही यावर ठरतं. पॉलिसी कोणी विकली यावर नाही. घेण्याआधी वर्कशॉपला एक फोन करायचा, झालं.

मुलुंडकर
माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितो. गोरेगावकर, तुमच्यासारखाच मी सात ठिकाणी फिरलो आणि सगळ्यात स्वस्त उचलली. २२,००० वाचले. आरसी हातात आली तेव्हा उत्पादनाचा महिना बघितला, गाडी दहा महिन्यांची जुनी! उन्हापावसात यार्डात उभी होती. पहिल्याच पावसाळ्यात बॅटरी गेली. विकायला काढेन तेव्हा वर्ष मागचंच धरणार. चार हजार जास्त गेले तरी चालतील, पण पैसे भरण्याआधी चॅसी नंबर हातात पाहिजे आणि यार्डात जाऊन गाडी डोळ्यांनी बघितली पाहिजे. तुमच्या कागदांच्या हिशेबात ही ओळ येतच नाही.

एकटीच गेले होते
पाच शोरूम फिरा, प्रत्येक ओळीवर भांडा, हा सल्ला ज्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं त्याच्यासाठी आहे. मी गेल्या पाडव्याला स्वतःच्या पैशांनी गाडी घेतली. विमा बाहेरून घेते म्हटल्यावर समोरच्याने हसून विचारलं, ‘सर कधी येतील?’ मला रंग दाखवत होते, कागद दाखवत नव्हते.

शेवटी सगळं ईमेलवर केलं. व्हेरिएंट लिहिला, ‘फक्त एक्स-शोरूम, टॅक्स आणि नोंदणी, बाकी काही नको’ असं लिहिलं. तिघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाकडून घेतली. तरी डिलिव्हरीच्या दिवशी बोनेटवर हार, माझ्या हातात नारळ, आई पेढे वाटतेय, आणि तो मुलगा ४,२०० चं कोटिंगचं बिल घेऊन उभा. आईच म्हणाली, दे गं, चांगल्या दिवशी वाद नको. मी नारळ खाली ठेवला आणि फोनवर तोच ईमेल उघडून दाखवला. बिल गेलं परत.

गोरेगावकर
मुलुंडकर, चॅसी नंबरचं खरंच सुटलं होतं माझ्याकडून. उद्याच पाचही ठिकाणी फोन करून उत्पादनाचा महिना विचारतो. आणि ताई, ईमेलची कल्पना आधी सुचली असती तर दोन शनिवार वाचले असते.

सहा वर्षं सेल्समध्ये
महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत जा, टार्गेटला एखादी गाडी कमी पडत असली तर मॅनेजर स्वतः हँडलिंग कापतो. नोकरीत असाल तर ऑफिसचं आयडी न्या, कॉर्पोरेट स्कीम मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. गाडी दहा लाखांवरची असती तर १ टक्का टीसीएसही (विक्रीच्या वेळी डीलरने गोळा करायचा आयकर) लागला असता. तो तक्रार करण्यासारखा नाही, रिटर्नमध्ये वळता होतो.

एक विनंती. ज्या मुलाने टेस्ट ड्राइव्ह दिली, त्याचं कोटेशन दुसरीकडे दाखवून तिकडून गाडी घेऊ नका. त्याचा इन्सेन्टिव्ह गाडी गेल्यावरच मिळतो.

गोरेगावकर
हे पटलं. घोडबंदरच्या मुलाने आम्हाला एसी लावून, चौघांना बसवून गायमुखच्या चढावर गाडी नेऊ दिली. बाकी चौघांनी शोरूमभोवती एक चक्कर मारून आणली. त्याचं कोटेशन स्वस्तातल्यापेक्षा ३,८०० ने जास्त आहे. बायको म्हणते त्याच्याकडूनच घ्यायची. हँडलिंग काढायला सांगतो, विमा बाहेरून घेतो, आणि गाडी चालू वर्षातली निघाली तर ३० तारखेला टोकन त्यालाच.