ॲस्टेरिस्कवरील कॉल सेंटर: सर्व्हर वेगळे करावेत का?

प्रश्न: आमच्या ६० जणांच्या कॉल सेंटरमध्ये ॲस्टेरिस्क (फोन कॉल हाताळणारे सॉफ्टवेअर), डेटाबेस आणि रेकॉर्डिंग एकाच सर्व्हरवर चालते, दुपारी अहवाल काढायला घेतला की चालू कॉलमधला आवाज तुटू लागतो. विभागणी कशी करावी?

उत्तर १: आधी डेटाबेस हलवावा. जी.७११ (आवाज डिजिटल स्वरूपात पाठवण्याची पद्धत) मध्ये आवाजाचे पॅकेट साधारणतः दर २० मिलिसेकंदांनी जावे लागते, आणि अहवालासाठीच्या जड क्वेरीने डिस्क व प्रोसेसर अडवून धरले की ही लय बिघडते. अहवालही मुख्य डेटाबेसऐवजी त्याच्या प्रतिकृतीवरूनच काढावेत.

उत्तर २: सहमत आहे. पुढे कमाइलिओ (कॉल योग्य सर्व्हरकडे वळवणारे सॉफ्टवेअर) लावून कॉल दोन ॲस्टेरिस्क सर्व्हरांत वाटता येतील, परंतु प्रत्येक सर्व्हरची रांग स्वतंत्र असते, त्यामुळे आधी आलेला ग्राहक मागे राहू शकतो. ६० जणांसाठी मला ही घाई योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डेटाबेसपासूनच सुरुवात करतो.